पेटी, आकडे आणि माणसाचा शब्द

मी काही ध्वनिशास्त्राचा पदवीधर नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्या करीत आणि मिळेल ते पुस्तक चाळीत झाले. तरीही ध्वनिक्षेपकाची पेटी हा विषय घेऊन मी आपणापुढे उभा आहे, त्याला एक कारण घडले.

काही वर्षांपूर्वी बोईसरला एका कारखान्यासमोर आमची द्वारसभा होती. वाटाघाटी संपून रोजाला साठ रुपये वाढ ठरली होती. ती मी स्वतः जाहीर केली. पुढच्या रांगांनी टाळ्या वाजविल्या, आणि मागे गलका उठला. मागच्या मंडळींना ‘आठ’ रुपये ऐकू आले होते! पुढाऱ्यांनी कामगार विकला, ही बोलवा संध्याकाळच्या गाडीने पालघरला पोहोचलीसुद्धा. ती निस्तरायला तीन दिवस लागले. एक ‘स’ वाटेत गळाला आणि संघटनेची अब्रू पणाला लागली.

ध्वनिक्षेपक आम्हीच बनविलेला होता. बारा इंची स्पीकर, त्यावर ‘1000 वॉट’ असा छाप, आणि संगणकावरील सॉफ्टवेअरने काढलेल्या मापांवरून सुताराने केलेली बंद पेटी. मग चुकले कोठे? ते शोधताना स्पीकरच्या माहितीपत्रकातील आकडे वाचावयास मी शिकलो.

पहिला आकडा वॉटचा. पगारपत्रकावरील एकूण रक्कम आणि हातात पडणारा पगार यांत जो फरक, तोच छापील कमाल वॉट आणि स्पीकर सतत सोसू शकेल ते वॉट यांत असतो. शिवाय वॉट म्हणजे स्पीकरला दिलेली वीज. त्यातून आवाज किती निघतो हे ‘संवेदनशीलता’ सांगते. समजा, एका वॉटला एक मीटरवर 97 डेसिबल आवाज मिळतो. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की 6 डेसिबल घटतात. म्हणजे 32 मीटरवर 67 उरतात. दहा वॉट दिले तर तेथेच 77 होतात. साधे बोलणे साठीच्या आसपास असते. तेव्हा सभेला हजार वॉटांची गरजच नव्हती.

आता पेटीचे आकडे. स्पीकरचा पडदा हा स्प्रिंगवर टांगलेल्या वजनासारखा असतो. मोकळा सोडला तर तो ज्या कंपसंख्येवर सहज झुलतो, ती ‘एफएस’. ते झुलणे किती लवकर आवरले जाते, हे ‘क्यूटीएस’ सांगतो; आकडा लहान तर लगाम घट्ट. पडद्याच्या स्प्रिंगइतकीच लवचीक अशी हवा किती लिटर, ते ‘व्हीएएस’. पडदा मागेपुढे किती मिलिमीटर बिनधोक सरकेल, तो ‘एक्समॅक्स’. या आकड्यांवरून पेटी आखण्याची रीत ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी 1961 साली मांडली आणि रिचर्ड स्मॉल यांनी 1970 नंतरच्या काही वर्षांत ती विस्ताराने पूर्ण केली. विनआयएसडीसारखी आजची सॉफ्टवेअरे हाच हिशेब करतात.

एक उदाहरण घेऊ. एफएस 40 हर्ट्झ, क्यूटीएस 0.40, व्हीएएस 100 लिटर. पेटीसह लगामाचा आकडा 0.707 यावा, म्हणजे खालचा स्वर सपाट राहतो, अशी आपली इच्छा. 0.707 ला 0.40 ने भागून वर्ग केला की सुमारे 3.12 येतात, त्यातून 1 वजा करून उरलेल्याने 100 लिटरला भागले की सुमारे 47 लिटरची पेटी निघते. पेटीतील स्पीकर आता सुमारे 71 हर्ट्झवर झुलतो.

पण खऱ्या स्पीकरचा क्यूटीएस 0.60 असेल तर? त्याच पेटीत लगामाचा आकडा 1.06 होतो, आणि 95 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे नेमका पुरुषी आवाजाच्या बुडाशी, घुमारा येतो. आमचे हेच झाले होते. दुकानदाराने दिलेले माहितीपत्रक त्याच नावाच्या दुसऱ्या स्पीकरचे निघाले. सॉफ्टवेअरने गणित बिनचूक केले. पण हजेरीपत्रकच चुकीचे असेल तर पगाराचा हिशेब कितीही चोख केला तरी पगार चुकतोच.

मात्र ‘स’ गळाला तो एवढ्याने नव्हे. हे सारे आकडे खालच्या स्वरांविषयी बोलतात. शब्द कळतो तो व्यंजनांवरून, आणि त्यांचा मोठा भाग 2000 हर्ट्झच्या वर असतो. ‘स’ तर त्याहूनही वर. बारा इंची पडदा तेथे दुबळा पडतो आणि जे देतो ते समोरच्या अरुंद पट्ट्यात फेकतो. ही गोष्ट पेटीच्या गणितात दिसत नाही. ती माहितीपत्रकातील प्रतिसादाच्या आलेखात दिसते. तो आलेख आम्ही उघडलाच नव्हता. आकडा खोटे बोलत नाही. पण प्रत्येक आकडा एकाच प्रश्नाचे उत्तर देतो, आणि आपला प्रश्न कोणता हे आपणच ठरवावयाचे असते.

आम्ही अडगळीतला जुना भोंगा पुन्हा काढला. त्याला गाण्याचा ठेका झेपत नाही, पण ‘स’ शेवटच्या रांगेपर्यंत जातो. पेटी केवळ सोबतीला ठेवली आणि 150 हर्ट्झखालचा आवाज कापला. त्यामुळे माइकला लागलेले धक्केही थांबले. आवाजही बेताचा ठेवतो, कारण 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी सार्वजनिक जागेच्या हद्दीवर 75 डेसिबलच्या वर जाण्यास मनाई केली आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावू देत नाहीत.

आणखी एक सवय लावून घेतली. करारातला आकडा सांगून झाला की शेवटच्या रांगेतल्या एखाद्या कंत्राटी कामगाराला मी तो मोठ्याने परत म्हणावयास सांगतो. तो ‘साठ’ म्हणाला, म्हणजे मगच पुढचे कलम.