नवी फाईल कोणाला दिसणार, हे ठरवतं कोण?

भोसरीतल्या एका वर्कशॉपच्या मालकांचा सकाळी सकाळी फोन आला. आठ जणांचा स्टाफ, ऑफिसात एक छोटा विंडोज सर्व्हर. "सर, काल रात्री पगाराची शीट बनवली आणि आज चहाच्या वेळेपर्यंत सगळ्यांना एकमेकांचे पगार माहीत! हॅक झालं का?"

हॅक वगैरे काही नव्हतं. शीट त्यांनी 'कॉमन' फोल्डरमध्ये सेव्ह केली होती, एवढंच. विंडोजमध्ये नवी फाईल तयार झाली, की ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याच्या परवानग्या आपोआप घेते. याला म्हणतात इन्हेरिटन्स, म्हणजे वारसा. आत पगार आहेत की पिकनिकचे फोटो, हे सर्व्हर बघत नाही. गुगल ड्राइव्हच्या शेअर केलेल्या फोल्डरचंही तेच.

म्हणून फाईलला कुलूप लावत बसू नका, फोल्डरला लावा. 'अकाउंट्स' नावाचा वेगळा फोल्डर करा. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अॅडव्हान्स्ड, आणि तिथे 'डिसेबल इन्हेरिटन्स'. दोन पर्याय येतील. नवखे असाल तर 'कन्व्हर्ट'वाला घ्या, म्हणजे आधीची यादी तशीच राहते. मग त्यातून सर्वसाधारण युजर्सची नोंद काढा. अॅडमिनिस्ट्रेटर्स आणि सिस्टम या दोन नोंदींना मात्र हात लावू नका, नाहीतर उद्या बॅकअप अडकेल आणि पुन्हा मलाच फोन कराल! परवानगी माणसाच्या नावाने देऊ नका, ग्रुपला द्या. अकाउंटंट बदलला तर ग्रुपमधलं एक नाव बदलायचं, बस्स.

आता खरी गंमत. मालकांनी हे सगळं नीट केलं आणि शीट 'कॉमन'मधून कट करून 'अकाउंट्स'मध्ये पेस्ट केली. तरीही एका मुलाला ती उघडता येत होती! त्याच्या डेस्कटॉपवर त्याने थेट शॉर्टकट करून ठेवला होता. नव्या जागेसाठी नवा शॉर्टकट केला, की फाईल उघडली. कसं काय? एकाच ड्राइव्हवर फाईल हलवली, तर ती जुन्या परवानग्या सोबत घेऊन जाऊ शकते. कॉपी केली, तर ती नवी फाईल ठरते आणि नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते. त्यामुळे अशी फाईल कॉपी करा आणि जुनी डिलीट करा. आधीच बऱ्याच फाईल्स हलवल्या असतील, तर 'अकाउंट्स' फोल्डरच्या अॅडव्हान्स्डमध्ये खाली 'रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट…' अशी एक चौकट आहे, तिच्यावर टिक करा. आतल्या सगळ्यांना फोल्डरच्या परवानग्या लागतात.

तिथेच वर 'इफेक्टिव्ह अॅक्सेस' टॅब आहे. स्टाफमधल्या कोणाचंही नाव निवडा, त्याला काय काय करता येतं ते लगेच दिसतं.

मालकांनी हे सगळं केलं तोपर्यंत सारखंच काम करणारे दोन हेल्पर पगारातल्या फरकावरून भांडून मोकळे झाले होते. एक जण दुसऱ्या दिवसापासून आलाच नाही.