पत्रे कोणाच्या हातून जातात? : मोबाइलवरील ई-मेल ॲपची निवड

मागच्या वर्षी एका संग्रहासाठी आलेले साहित्य मी बहुतेक मोबाइलवरच वाचले. भाच्याने फोनमध्ये एक देखणे ई-मेल ॲप घालून दिले होते. जाहिराती आपोआप बाजूला, कामाची पत्रे वर. दोन महिन्यांनी मी ते काढून टाकले. पुढे गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात सहज डोकावलो, तर माझी सगळी पत्रे वाचण्याची, पाठवण्याची आणि पुसून टाकण्याची त्या ॲपला दिलेली परवानगी तशीच शाबूत होती. भाडेकरू गेला, पण किल्ली त्याच्याकडेच! त्या टपालात माझे असे थोडेच होते. अप्रकाशित कथा होत्या, एका कवयित्रीने आपल्या आजारपणाबद्दल लिहिलेले चार शब्द होते, परीक्षकांची गोपनीय मते होती. परवानगी मी दिली. त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

जीमेलचा पत्ता आणि जीमेलचे ॲप एकाच नावाने येत असल्यामुळे आपली एक गल्लत होते. टपालपेटी आणि ती उघडून दाखवणारे ॲप या दोन वेगळ्या वस्तू आहेत. गूगलच्या पेटीतले टपाल दुसऱ्या कोणाच्या ॲपमधूनही वाचता येते. म्हणजे विश्वास दोन ठिकाणी ठेवावा लागतो. जाहिरातींसाठी पत्रांतला मजकूर चाळणे थांबवत असल्याचे गूगलने २०१७ मध्ये जाहीर केले. पण वर घेतलेल्या तिसऱ्याच ॲपला ते वचन लागू होत नाही.

म्हणून पहिला प्रश्न हा : ॲप फोनमधून थेट पेटीशी बोलते, की मध्ये ॲपवाल्या कंपनीचा सर्व्हर बसतो? थेट बोलत असेल तर पासवर्ड आणि पत्रे पेटी व फोन यांच्याबाहेर जायचे कारण नाही. मध्ये सर्व्हर ठेवण्यालाही निमित्त असते. पत्र आल्याची सूचना ताबडतोब मिळते, शोध भरभर होतो. पण त्यासाठी आपल्या पेटीची किल्ली आणि पत्रांची प्रत त्या सर्व्हरवर राहू शकते. मायक्रोसॉफ्टचे मोबाइलवरील आउटलुक २०१५ च्या आरंभी आले तेव्हा युरोपीय संसदेने नेमक्या याच कारणासाठी आपल्या सदस्यांना ते वापरू दिले नाही.

दुसरा प्रश्न पैशाचा. फुकट ॲप चालवणाऱ्याचे पोट कशावर भरते? ‘अनरोल डॉट मी’ ही नको असलेली जाहिरातपत्रे बंद करून देणारी मोफत सेवा. ती लोकांच्या पेटीतल्या खरेदीच्या पावत्यांवरून माहिती काढून विकते, हे २०१७ मध्ये उघड झाले. वैयक्तिक पत्रांना हात लावत नाही, असे सांगून लोकांची दिशाभूल केल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१९ मध्ये तिच्यावर कारवाई केली. पेटी आवरून देणारा नोकर फुकट मिळाला की मी आता जरा थबकतो.

अँड्रॉइडवर माझी पसंती थंडरबर्डला. ‘के-९ मेल’ हे जुने मुक्तस्रोत ॲप २०२२ मध्ये थंडरबर्डच्या कुटुंबात आले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच पायावर अँड्रॉइडचे थंडरबर्ड निघाले. ते देणग्यांवर चालते, पेटीशी थेट बोलते आणि त्याचा कोड कोणालाही तपासता येतो. सूचना कधी उशिरा येते, बॅटरी किंचित जास्त लागते. संपादकाचे पत्र पाच मिनिटांनी दिसले म्हणून काही बिघडत नाही. ‘फेअरईमेल’ हेही असेच मुक्तस्रोत आणि गोपनीयतेबाबत अधिक काटेकोर, मात्र त्याच्या सेटिंगांचे जंगल पाहून नवखा माणूस गांगरतो.

एक बारीक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. पत्रात डोळ्यांना न दिसणारे ठिपक्याएवढे चित्र घातलेले असू शकते. ते पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवरून उघडले जाते आणि आपण पत्र केव्हा वाचले हे त्याला कळते. यावर उपाय सोपा आहे : चित्रे दाखवण्यापूर्वी विचारावे, अशी सोय सेटिंगमध्ये चालू करायची. जीमेलच्या ॲपमध्येही ती आहे. आयफोनच्या स्वतःच्या मेल ॲपमध्ये २०२१ पासून ही हेरगिरी निष्फळ करणारी सोय मिळते.

याहून पुढे जायचे असेल तर पेटीच बदलावी लागते. स्वित्झर्लंडची प्रोटॉन मेल आणि जर्मनीची टुटा या सेवा पत्रे अशी कुलूपबंद ठेवतात की त्या कंपन्यांनाही मजकूर वाचता येत नाही. प्रोटॉनमध्ये पत्राचा विषय मात्र या कुलपाबाहेर राहतो, टुटामध्ये तोही आत जातो. पण या सेवांबद्दल ऐकून हुरळून जाऊ नये. आपले बहुतेक स्नेही जीमेलवर. त्यांना साध्या पद्धतीने पाठवलेल्या पत्राची प्रत गूगलकडे असतेच. जिथे दोघेही तीच सेवा वापरतात तिथे मात्र फरक खरा. अंतर्गत मते मागवणाऱ्या परीक्षक मंडळाने किंवा विद्यार्थ्यांच्या खासगी अडचणी हाताळणाऱ्या शिक्षकांनी मिळून एक सेवा घ्यावी, हे मला व्यवहार्य वाटते.

त्याआधी एक काम आजच होण्यासारखे आहे. गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात बाहेरच्या ॲपना दिलेल्या परवानग्यांची यादी असते. माझ्या यादीत अकरा नावे निघाली. त्यांतली सात मला आठवतही नव्हती. ती काढायला दहा मिनिटे पुरली. त्या दोन महिन्यांतल्या लेखकांना मी नंतर एकेक पत्र लिहून झाला प्रकार कळवला. दोघांनी उत्तर दिले, आणि दोघांचा प्रश्न एकच होता : ही यादी नेमकी सापडते कुठे?