आईचे गुडघे, बाबांचा पाना आणि आमची जीप

डेन्व्हरमध्ये अकरा वर्षं काढली तरी आमच्याकडे साधी सेडानच होती. डोंगर समोर दिसायचा आणि आम्ही डांबरी रस्ता संपला की गाडी वळवून परत यायचो. शेवटी दोन वर्षांपूर्वी एक जुनी जीप घेतली, २०१३ ची रँग्लर रुबिकॉन, चार दारांची. बायको म्हणाली, "घे एकदाची, म्हणजे यूट्यूब बघणं तरी थांबेल." ते काही थांबलं नाही, उलट वाढलं.

कारण पहिल्याच उन्हाळ्यात एका खडकाळ वाटेवर जीपचं पोट दगडावर असं घासलं की आत बसलेल्या मुलीनं कान झाकले. दोन दारांच्या रँग्लरमध्ये पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर सुमारे ९५ इंच, चार दारांच्या गाडीत ११६. अंतर वाढलं की मधला भाग उंचवट्यावर टेकणारच. यावर इथल्या प्रत्येक जीपवाल्याचं एकच उत्तर असतं : लिफ्ट बसव. म्हणजे सस्पेन्शन बदलून गाडी दोन, अडीच, चार इंच उचलून घ्यायची.

मी सगळ्यात स्वस्त मार्ग धरला. मूळ स्प्रिंग तशाच ठेवून त्यावर अडीच इंचांचे ठोकळे बसवायचे, ज्याला इथे स्पेसर म्हणतात. घराजवळच्या एका गॅरेजनं अर्ध्या दिवसात काम करून दिलं. गाडी रुबाबदार दिसायला लागली. मी फोटो काढून कराडच्या ग्रुपवर टाकला. बाबांचा एका ओळीचा मेसेज आला, "पाटा न वाढवता उचलली कशी?"

इथे बाबांची ओळख करून द्यायला हवी. त्यांनी वीस वर्षं कराड-पाटण रस्त्यावर महिंद्राची जीप वडाप म्हणून चालवली. साताऱ्याकडच्या वाचकांना वडाप सांगायला नको. इतरांसाठी : नऊ जणांच्या गाडीत पंधरा बसतात, दोन मागे लटकतात, तो प्रकार. त्या गाड्यांना खाली पोलादी पाटे असायचे. माल आणि माणसं वाढली की मिस्त्री एक पाटा जास्त घालायचा आणि गाडी दोन बोटं वर यायची. अमेरिकेत ज्याला 'लिफ्ट किट' म्हणतात, ते आमच्याकडे तीस वर्षांपूर्वी पाटणच्या रस्त्यावर, चहाच्या टपरीशेजारी व्हायचं.

गेल्या जूनमध्ये आई-बाबा आले. पहिल्याच शनिवारी पाचही जण जीपमधून आय-७० हायवेनं डोंगराकडे निघालो. ताशी साठ मैलांचा वेग. एका पुलाच्या जोडावर चाक जरासं आपटलं आणि पुढची दोन्ही चाकं एकदम थडथडायला लागली. स्टिअरिंग हातात राहीना. आरसा, काच, दात, सगळं हलत होतं. याला इथे 'डेथ वॉबल' म्हणतात. वाचलेलं होतं, पण वाचणं वेगळं आणि मागच्या सीटवर आई आणि मुलगी असताना ते होणं वेगळं. बाबा शेजारून शांतपणे म्हणाले, "ब्रेक जोरात दाबू नको. सोड गाडी, आपोआप हळू होऊ दे." पस्तीस-चाळीसवर आल्यावर थरथर थांबली. कडेला गाडी घेतली. पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मग बायको म्हणाली, "ही विकायची."

ज्या गॅरेजनं लिफ्ट बसवली तिथे फोन केला. ते म्हणाले, स्टिअरिंगचा डँपर बदला, थरथर जाईल. बाबांना हे सांगितलं तर हसले. "ताप आलाय, तर थर्मामीटर फोडा म्हणतोय."

दुसऱ्या दिवशी ड्राइव्ह-वेवर पुठ्ठा अंथरून बाबा गाडीखाली गेले. वय एकाहत्तर. मला म्हणाले, इंजिन चालू ठेव, चाकं जमिनीवरच राहू देत, आणि स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवत राहा. एका मिनिटात आवाज आला, "बंद कर. सापडलं." पुढचा एक्सल चॅसिसला आडवा धरून ठेवणारा दांडा असतो, ट्रॅक बार. त्याचा बोल्ट पुरता आवळलेला नव्हता. तिथे १२५ फूट-पाउंडांचा टॉर्क लागतो. सैल बोल्टनं छिद्र किंचित लांबट करून टाकलं होतं.

पण चूक तेवढीच नव्हती, आणि तिथूनच माझं खरं शिक्षण सुरू झालं. गाडी वर उचलली की एक्सलला धरणारे दांडे तिरके होतात. ट्रॅक बारमुळे एक्सल एका बाजूला सरकतो. कंट्रोल आर्ममुळे तो थोडा मागे ओढला जातो आणि फिरतो, त्यानं कास्टर कमी होतो. सायकलचा पुढचा फोर्क तिरका असतो, त्यामुळे हँडल सरळ राहायला मदत होते, तसंच हे. कास्टर कमी झाला की हायवेवर गाडी भटकते. म्हणजे लिफ्ट निवडताना 'किती इंच' हा शेवटचा प्रश्न आहे. बिघडलेला कोन परत कसा आणणार, हा पहिला. मी नेमका उलटा क्रम लावला होता.

मग बाबा आणि मी आठवडाभर स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून बसलो. मला चार इंचांची लिफ्ट आणि पस्तीस इंची टायर हवे होते. बाबांनी विचारलं, "एक्सलच्या खालची जागा कशानं वाढते?" स्प्रिंगनं नाही, फक्त टायरनं, आणि तीही व्यासातल्या वाढीच्या निम्मी. बत्तीसवरून पस्तीसवर गेलो तर दीड इंच. पण मग स्पीडोमीटर ६५ दाखवेल तेव्हा गाडी ७१ नं पळत असेल, तो नव्यानं जुळवावा लागेल. इंजिनावर भारही वाढणार. आधीच दर हजार फूट उंचीला साधारण तीन टक्के ताकद कमी होते, बारा हजार फुटांवर एक तृतीयांशाच्या आसपास गेलेली असते.

त्यात गाडी उलटण्याचा हिशेब. इथलं वाहनसुरक्षा खातं, एनएचटीएसए, यासाठी एक साधं सूत्र वापरतं : डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराचं निम्मं, भागिले गुरुत्वमध्याची उंची. उत्तर जितकं लहान, तितकी गाडी उलटायला सोपी. मी ते समजावून सांगत होतो, तेव्हा बाबा खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "कुंभार्ली घाटात आमच्या अड्ड्यावरची एक जीप उलटली होती. टपावर कांद्याची पोती होती. सूत्र नव्हतं माहीत, पण पोती खाली ठेवायला पाहिजे होती हे सगळ्यांना माहीत होतं." त्या संध्याकाळी मी टपावरचा लोखंडी रॅक काढून टाकला.

उंचीवर अंतिम निर्णय मात्र आईनं दिला. गेली काही वर्षं तिचे गुडघे दुखतात. तिनं दार उघडलं, पाय वर टाकून पाहिला आणि म्हणाली, "याच्यावर एक बोटभर जरी चढवलीस, तर मी घरीच बसेन. तुम्ही जा."

शेवटी ठरलं ते असं. ठोकळे काढायचे. त्याऐवजी अडीच इंचांच्या नव्या स्प्रिंग, आमच्या नेहमीच्या वजनाला बेतलेल्या, आणि त्यांच्याशी जुळणारे शॉकअप. कास्टरसाठी दोन पर्याय होते : लांबी बदलता येणारे कंट्रोल आर्म किंवा एईव्हीसारख्या कंपन्या देतात तसे ब्रॅकेट, जे आर्मचं चॅसिसकडचं टोक खाली आणतात. ब्रॅकेट खाली लोंबतात, खडकावर अडकू शकतात, पण रस्त्यावर गाडी मूळच्यासारखी चालते आणि खर्च कमी. आमचे नव्वद टक्के मैल डांबरावरचे, म्हणून ब्रॅकेट. शिवाय लांबी बदलता येणारा ट्रॅक बार. टायर २८५/७०, म्हणजे ३३ इंचांपेक्षा जरा कमी. २०१२ नंतरच्या या मॉडेलमध्ये लिफ्टनंतर पुढचा ड्राइव्हशाफ्ट धुराच्या नळीला घासू शकतो, तेही तपासून घेतलं. सगळं बसवून अलाइनमेंट केली आणि कास्टरचा आकडा छापील कागदावर मागून घेतला. पहिल्या वेळी तो कागद मी मागितलाच नव्हता. पाचशे मैलांनी सगळे बोल्ट पुन्हा आवळले. तेव्हा पाना बाबांच्या हातात होता, मी फक्त टॉर्च धरला.

मधल्या काळात शेतीअवजारांच्या एका दुकानाबाहेर बाबांना महिंद्राची रॉक्सर दिसली. मिशिगनमधल्या ऑबर्न हिल्सला जुळणी, अडीच लिटरचं डिझेल इंजिन, खाली चक्क पाटे. जीपसारखी दिसते म्हणून तिच्यावर खटला झाला, २०२० मध्ये जुन्या रूपातल्या गाडीच्या विक्रीवर बंदी आली, हे सगळं मी सांगत होतो. बाबा ऐकत नव्हते. ते खाली वाकून पाटे मोजत होते.

ऑगस्टमध्ये डॉक्टरांना विचारून आम्ही अल्पाइन लूपला गेलो. लेक सिटी, सिल्व्हर्टन आणि उरे यांना जोडणारी, सुमारे ६५ मैलांची डोंगरवाट. लो रेंज असलेली उंच फोर-व्हील गाडी तिथे लिफ्टशिवायही जाते, हे प्रामाणिकपणे सांगतो. सिनॅमन पासच्या १२,६४० फुटांवर वारा इतका होता की मुलीची टोपी उडाली. पोट एकदाच टेकलं, तेही हलकेच. उतारावर मी लो रेंजमध्ये पहिला गिअर टाकला तेव्हा बाबांनी डोळे मिटून घेतले, आणि खालपर्यंत ते उघडले नाहीत. झोपले होते.

ॲनिमस फोर्क्स या ओसाड पडलेल्या खाणगावात आम्ही थांबलो. बायकोनं डबा उघडला. आईनं पिशवीतून देवघरातला लाकडी पाट काढला, दाराखाली ठेवला, त्यावर पाय देऊन खाली उतरली आणि म्हणाली, "हा इथेच गाडीत राहू दे."