रुपयाच्या पोटातली चांदी

राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या, रुपयाचं वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे एक तोळा. त्यात 91.7 टक्के चांदी. ती भरते साधारण 10.7 ग्रॅम. आता गंमत पाहा. चांदी किलोमागे दहा हजारांनी चढली, की कपाटात पडल्यापडल्या या एका रुपयाची किंमत 107 रुपयांनी वाढते. 2025 च्या ऑक्टोबरात आंतरराष्ट्रीय बाजारात चांदीने औंसामागे 50 डॉलर ओलांडले. जानेवारी 1980 मध्ये अमेरिकेतल्या हंट बंधूंच्या सट्ट्याने भाव जिथवर नेला होता, ती जागा 45 वर्षांनी मागे पडली, आणि लक्ष्मीपूजनाच्या तबकातले रुपये लोक हिशेबाच्या नजरेने पाहू लागले.

अशा वेळी नाण्यांच्या व्यापाऱ्याची चांदी होत असेल असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात बिचाऱ्याची पंचाईत होते. एरवी झिजक्या, नेहमीच्या रुपयालासुद्धा संग्राहक धातूच्या वर चार पैसे देतो, आणि ते चार पैसे हीच याची कमाई. धातू भडकला की ते त्यातच बुडतात. संग्राहक हात आखडता घेतो. विकणाऱ्यांची मात्र रीघ लागते. काल विकलेल्या मालाच्या पैशात आज तेवढाच माल परत भरता येत नाही. भट्टीवाला शुद्धीकरणाचा खर्च आणि घट कापूनच पैसे मोजतो. लिलावाचं तर विचारूच नका: आधी छापलेल्या यादीतली सुरुवातीची बोली लिलावाच्या दिवशी नुसत्या चांदीच्याही खाली गेलेली असू शकते.

मग साधी नाणी किलोवर आटणीला जातात. हे पूर्वीही झालंय, आणि त्याची एक गोष्ट मला फार थक्क करते.

पहिलं महायुद्ध चालू होतं. रुपयाचा दर ठरलेला होता, 1 शिलिंग 4 पेन्स. लंडनमध्ये चांदी औंसाला 43 पेन्सच्या वर गेली, की रुपया खर्च करण्यापेक्षा आटवणं फायद्याचं, असा सरळ हिशेब. 1917 मध्ये भाव ती रेघ ओलांडून गेला. सरकारने रुपये वितळवायला आणि चांदी बाहेर न्यायला बंदी केली, आणि त्याच वर्षी एक रुपयाची पहिली कागदी नोट काढली. पण लोकांना कागद नको होता. नोट देऊन खणखणीत रुपया मागणारे वाढत चालले आणि सरकारी तिजोरीतली चांदी आटत चालली.

तेव्हा अमेरिका धावून आली. एप्रिल 1918 च्या पिटमन कायद्याने तिथल्या सरकारी साठ्यातले 27 कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले गेले आणि त्यांतली बहुतेक चांदी ब्रिटनमार्फत हिंदुस्थानच्या टांकसाळींसाठी निघाली. मुंबई आणि कलकत्त्याला रुपये पडू लागले. आजीच्या पेटीत पंचम जॉर्जचा 1918 ते 1920 मधला रुपया असेल तर मागची बाजू पाहा. खालच्या कमळाखाली बारीक टिंब दिसलं तर तो मुंबईचा. त्याच्या पोटात नेवाडाच्या खाणीतली चांदी असू शकते, आपल्याकडे येण्याआधी डॉलर म्हणून जगलेली!

याचं दुसरं टोक अमेरिकेत आहे. कोणत्या सालचे किती डॉलर भट्टीत गेले, याची नोंदच कुणी ठेवली नाही. त्यामुळे तिथल्या मॉर्गन डॉलरच्या, म्हणजे त्या जुन्या चांदीच्या डॉलरच्या, बाबतीत किती पाडले हा आकडा फारसा कामाचा नाही, उरले किती हे महत्त्वाचं. तिथला एखादा डॉलर दुर्मिळ झाला, त्यात आपल्याकडच्या रुपयाच्या टंचाईचाही हात आहे.

म्हणून जाणता व्यापारी आटणीच्या ढिगातही आधी सन वाचतो. सहाव्या जॉर्जचा 1939 चा रुपया हाती लागणं कठीण, त्यावर लाखांत बोली लागते. 1940 पासून सरकारने रुपयातली चांदी 50 टक्क्यांवर आणली आणि पुढच्या तीन वर्षांत जुने, भरपूर चांदीचे रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून बाद केले. सध्या दुकानात सगळ्यात जास्त वाद होतात ते या चाळिशीतल्या रुपयांवरून. आणणारा राणीछापचा भाव मागतो. वजन तर तेवढंच, राजा 1939 चाच, आणि चांदी निम्मी.