माहूरगड नेमका कुणाचा? बदलते धनी आणि बदललेला जिल्हा

आदिलाबादच्या इतिहासावर बोलताना माहूरगडाचं नाव घेतलं, की कुणीतरी विचारतंच, "तो तर महाराष्ट्रात, नांदेड जिल्ह्यात. आपला काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर द्यायचं तर गडाचे धनी क्रमानं पाहावे लागतात. शेवटचा बदल तर आपल्यातल्या काही वडीलधाऱ्यांच्या हयातीतला आहे.

मी पेशानं इंजिनिअर. जुनं बांधकाम समोर आलं की आधी तीन गोष्टी बघायची सवय: जागा हीच का निवडली, पाण्याची सोय काय, आणि कागद कुणाच्या नावावर. माहूरला पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं गडावरच मिळतात. डोंगराला वळसा घालून पैनगंगा वाहते. तटबंदी डोंगराच्या कडेनं, चढउतार सांभाळत फिरवलेली आहे. आत इंजाळा तलाव आहे. वर पाणी असल्याशिवाय एवढा मोठा घेर लढवता येत नाही. शेजारच्या डोंगरावर रेणुकामातेचं ठाणं, साडेतीन पीठांपैकी एक. वऱ्हाडातून तेलंगणात उतरणाऱ्या वाटेवर नजर ठेवायला ही जागा सोयीची, म्हणून ती प्रत्येक सत्तेला हवी होती.

तिसरा प्रश्न कागदाचा, आणि खरी गुंतागुंत तिथेच आहे. कारण 'धनी' या शब्दाचा अर्थच दर काळात बदलत गेला.

बहमनी सुलतान अहमदशाह यानं 1425 च्या सुमारास इथल्या स्थानिक राजाकडून माहूर घेतलं. इथून पुढे गडावर राहणारा एक आणि गडाचा मालक दुसरा, अशी स्थिती आली. बहमनी वजीर महमूद गवान यानं राज्याच्या चार तर्फांच्या आठ तर्फा केल्या. वऱ्हाडचे दोन भाग पडले, गाविल आणि माहूर. म्हणजे माहूर हे एका प्रांताचं ठिकाण झालं. गवाननं आणखी एक नियम केला: तर्फदाराच्या ताब्यात एकच किल्ला राहील, बाकीच्या किल्ल्यांवर किल्लेदार सुलतान नेमील. आमच्या भाषेत सांगायचं तर साइट एकाकडे आणि स्टोअरची चावी दुसऱ्याकडे. सरदारांना हे रुचलं नाही. 1481 मध्ये गवानचा शिरच्छेद झाला आणि बहमनी राज्य फुटत गेलं.

माहूरला खुदावंदखान हबशी होता. तो बिदरच्या अमीर बरीदशी लढताना पडला आणि माहूर एलिचपूरच्या इमादशाहीकडे वळलं. एलिचपूर म्हणजे आजचं अचलपूर. 1574 मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीनं इमादशाही संपवली. 1596 मध्ये चांदबिबीला तहात वऱ्हाड मुघलांना द्यावं लागलं. 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याखाली माहूर हे एक 'सरकार' म्हणून नोंदलेलं आहे. सरकार म्हणजे अनेक परगण्यांचा महसुली विभाग.

आता खालच्या थराकडे पाहू. बादशहा आग्र्याला, सुभेदार बऱ्हाणपूरला. गावोगावचा वसूल कोण करणार? ते काम देशमुखांचं. माहूरचे राजे उदाराम हे त्यातलं सर्वांत मोठं नाव. ते निजामशाहीतून मुघलांकडे गेले आणि मनसबदार झाले. 1623 मध्ये शहाजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, बापाविरुद्ध बंड करून गोवळकोंड्याच्या दिशेनं पळाला, तेव्हा त्यानं आपले हत्ती आणि जड सामान माहूरच्या गडावर उदारामांच्या हवाली केलं. याच घराण्यातली सावित्रीबाई ही 'रायबागन'. ही पदवी तिला मुघल दरबारानं दिली. 2 फेब्रुवारी 1661 ला उंबरखिंडीत कारतलबखानाची फौज शिवाजी महाराजांच्या कोंडीत सापडली, तेव्हा ती त्या फौजेत होती, आणि शरण जाण्याचा सल्ला तिनंच खानाला दिला. म्हणजे कागदावर गड बादशहाचा, पण मुलखाची नाडी या घराण्याच्या हातात.

1724 मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईत निजामुल्मुल्क जिंकला आणि दख्खन त्याच्याकडे गेलं. पुढे वऱ्हाडात दुअंमल आला. मुलूख निजामाचा, पण वसुलात नागपूरकर भोसल्यांचा वाटा मोठा. 1853 मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिलं, आणि पैनगंगा ही दोन राजवटींची सीमा झाली. नदीच्या पलीकडचं आजचं यवतमाळ इंग्रजांकडे गेलं. अलीकडचं माहूर निजामाकडे राहिलं. शतकानुशतकं वऱ्हाडाचा भाग असलेला गड वऱ्हाडापासून तुटला तो इथे.

आता आपला संबंध. निजामी अमलात किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता आणि माहूर त्यातच येई. सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात आलं, तेव्हाही जिल्हा तोच होता. 1 नोव्हेंबर 1956 ला भाषावार प्रांतरचना झाली. आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेलं. मराठी भाषकांचे किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात, नांदेड जिल्ह्यात गेले. राजुरा नंतर 1959 मध्ये चांद्याला जोडला. 1960 ला महाराष्ट्र झाला, 2014 ला तेलंगण, आणि 2016 मध्ये खुद्द आदिलाबादचेच चार जिल्हे झाले. माहूरगडाचा शेवटचा मोठा बदल असा वेढा न पडता, एका कायद्यानं झाला.

या बदलाचा अभ्यासाला फटका बसतो. माहूर परिसराचा इतिहास शोधणारा माणूस नांदेडला जातो, आणि 1956 च्या आधीचं फारसं हाती लागलं नाही की 'कागदच नाहीत' म्हणून परततो. पण तेव्हाचा कारभार आदिलाबादहून आणि हैदराबादहून चालत होता. हैदराबादला तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात तर शाहजहान-औरंगजेबाच्या काळातल्या दख्खनच्या फार्सी कागदांचाही मोठा संग्रह आहे. उलट आदिलाबादचा अभ्यासक माहूरला 'परराज्यातलं' समजून वगळतो, आणि आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातला मोठा गडच गळून पडतो.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरी जुनी सनद, वतनाचा कागद, पावती किंवा खटल्याची नक्कल असेल, तर आधी तिची लिपी बघा. देशमुख-देशपांड्यांचे कागद बहुधा मोडीत, मुघल आणि जुन्या निजामी दरबाराचे फार्सीत, आणि 1884 नंतरचे सरकारी कागद उर्दूत. मग त्यावर परगणा, सरकार, तालुका, जिल्हा यांपैकी काय लिहिलंय ते बघा. 'सरकार माहूर' असेल तर कागद सुभ्यांच्या जमाबंदीतला. 'तालुका किनवट, जिल्हा आदिलाबाद' असेल तर 1956 च्या आधीचा. कागदावर तारीख फाटली असली तरी एवढ्यावरून काळ ठरवता येतो. लॅमिनेशन मात्र करू नका. उन्हात न ठेवता फोटो काढा आणि कागद सुती कापडात गुंडाळून ठेवा.

गड महाराष्ट्राचा आहे, याबद्दल वाद नाही. पण त्याचे कागद दोन राज्यांत विभागलेत, आणि ते जुळवायचं काम नदीकाठच्या आपण लोकांनीच करायचं आहे.