अणुभट्टीचालकांची तालीम
मीरा-भाईंदरच्या उत्तरेस, बोईसरजवळील तारापूर अणुऊर्जा केंद्रात १९६९ पासून व्यावसायिक वीजनिर्मिती होत असून, तेथील ५४० मेगावॉटच्या भट्ट्यांच्या चालकांना सिम्युलेटरवर, म्हणजे संगणकाद्वारे भट्टीचे वर्तन दाखवणाऱ्या, नियंत्रणकक्षाच्या हुबेहूब प्रतिकृतीवर, प्रशिक्षण दिले जाते. शीतकाची, म्हणजे इंधनाची उष्णता वाहून नेणाऱ्या जड पाण्याची, गळती प्रत्यक्ष भट्टीत घडवून पाहता येत नाही. प्रतिकृतीवर मात्र तो प्रसंग पुनःपुन्हा उभा करून चालकांचे निर्णय आणि परस्परसमन्वय तपासता येतात. १९७९ मध्ये अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथे उघडी राहिलेली झडप चालकांच्या वेळीच लक्षात न आल्याने भट्टीचा गाभा अंशतः वितळला आणि त्यानंतर जगभर अशा प्रशिक्षणावर भर वाढला. भारतात नियंत्रणकक्षातील चालकाला अणुऊर्जा नियामक मंडळाने ठरवलेल्या परवाना-प्रक्रियेतून जावेच लागते.