देहाची पाणचक्की (लेखांक ७)

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या, दिवशी भालकी, औराद, बसवकल्याणकडील गावे सकाळी दहाच्या सुमारास जवळजवळ ओस पडतात. ज्याचे त्याचे बिऱ्हाड आपापल्या शेताकडे निघते आणि कडब्याच्या कोपीत पूजा मांडून, भज्जी-आंबिलीचा नैवेद्य दाखवून, दिवस कलेपर्यंत तेथेच राहते. आमची आजी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, जिला वर्षाचे बाकीचे दिवस आम्ही मोठ्या मायेने खाटेवर बसवून ठेवीत होतो आणि जिने नुसता केरसुणीला हात लावला तरी घरातील चारचौघे "आजी, तू बस, आम्ही करतो" म्हणून धावत, ती गेल्या येळवशीला मोटारीत बसण्यास साफ नकार देऊन, आंबिलीची बिंदगी डोक्यावर घेऊन, दोन ठिकाणी बांधावर टेकत का होईना, शेतापर्यंत पायी आली. तिच्या कपाळावरचा घाम पाहून मला अपराध्यासारखे झाले. आणि हा लेखांक तेव्हाच मनात उभा राहिला.

मागील लेखांकात आपण पेशीच्या केंद्रकाचा परिचय करून घेतला. त्याच पेशीत, केंद्रकाबाहेर, शेकड्यांनी आणि क्वचित सहस्रावधी संख्येने जी सूक्ष्म अंगके असतात, त्यांना कार्ल बेंडा या जर्मन शास्त्रज्ञाने १८९८ साली दोरा व कण या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून मायटोकाँड्रिया हे नाव दिले. आपल्या शालेय पुस्तकांतील तंतुकणिका हा शब्द तोच अर्थ अधिक गोडव्याने सांगतो.

आंबिलीतील ज्वारीची साखर रक्तावाटे आजीच्या पोटरीपर्यंत पोचली, तरी तेवढ्याने पाय उचलला जात नाही. त्या साखरेचे आधी दळण व्हावे लागते. ज्यांनी औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की पाहिली असेल, त्यांना हे दळण समजावून सांगण्यास फार प्रयास पडणार नाहीत. डोंगराकडचे पाणी मातीच्या नळांतून जमिनीखालून आणायचे, उंचावर चढवायचे आणि तेथून खाली सोडून त्याच्या वेगाने जाते फिरवायचे, अशी ती अठराव्या शतकातील योजना आहे. तंतुकणिकेत पाण्याच्या जागी हायड्रोजनचे धनभारित कण असतात. अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन हातोहात पुढे जात अखेरीस श्वासातील ऑक्सिजनला मिळतात, आणि त्या प्रवासात मोकळ्या होणाऱ्या शक्तीने हायड्रोजनचे हे कण आतल्या पडद्यापलीकडे उपसले जाऊन तेथे जणू तुंबून राहतात. मग परत येण्यास त्यांना जी एकच अरुंद वाट बहुतांशी मोकळी असते, तिच्यात प्रथिनाचे एक चाक बसविलेले असते, ते त्यांच्या लोंढ्याने खरोखरच गरगर फिरते, आणि त्या फिरण्यातून स्नायूला थेट वापरता येणारे एटीपी हे पीठ पडते. पीटर मिचेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १९६१ साली ही उपपत्ती मांडली तेव्हा विद्वानांनी ती बराच काळ मानली नाही. १९७८ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. खुद्द एटीपीचा शोध १९२९ सालचा, आणि तो लावणाऱ्यांत जर्मनीतील लोमान यांच्याबरोबर हार्वर्डमध्ये फिस्के यांच्या हाताखाली राबणारे भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव होते, ही गोष्ट आपल्या मुलांना शाळेत सांगितली गेली पाहिजे. शरीरात हे पीठ एका वेळी पाव किलोच्या आतबाहेर असते. तेच मोडून पुन्हा दळीत राहिल्याने दिवसाकाठी त्याची उलाढाल सुमारे माणसाच्या वजनाइतकी होते.

निजामाच्या अमलात आमच्या मुलखात पायगा व जहागिरी होत्या. त्यांचे दप्तर वेगळे, अंमलदार वेगळे, तरी पुष्कळशा बाबतींत मदार हैदराबादवरच. तंतुकणिकेचेही तसेच आहे. तिचे स्वतःचे दप्तर अवघ्या ३७ जनुकांचे, १६,५६९ अक्षरांचे. तिला लागणारी बाकीची हजारावर प्रथिने केंद्रकाच्या हुकुमानेच तयार होतात. हे छोटे दप्तर केवळ आईकडून येते. म्हणून तंतुकणिकांचा आजार असलेले मूल जन्मले की दोष आईच्या माथी मारण्याचा मोह होतो, आणि तो सर्वथा अन्यायाचा आहे. कारण असे कित्येक आजार केंद्रकातील जनुकांतून, म्हणजे आईबाप दोघांकडूनही येतात, आणि नात्यात लग्न झाले की एकच सदोष जनुक दोघांकडेही असण्याचा संभव वाढत असल्याने, मामाच्या मुलीशी सोयरीक करण्याची चाल असलेल्या आमच्या भागात तर हे विशेष ध्यानात ठेवावयास हवे.

वय वाढते तसतशा या दप्तराच्या नकलांत चुका साचत जातात, जीर्ण तंतुकणिका मोडीत काढण्याचे काम मंदावते, आणि दळण कमी पडू लागते. त्या दळणात उडणाऱ्या ठिणग्यांनी, म्हणजे मुक्त मूलकांनी, म्हातारपण येते असे डेनम हार्मन यांनी प्रतिपादिले. त्यावरून ठिणग्या विझविणाऱ्या गोळ्यांचा मोठा बाजार उभा राहिला, परंतु आयुष्य वाढल्याचा पुरावा काही त्या गोळ्यांनी दिला नाही, उलट १९९४ साली फिनलंडमधील धूम्रपान करणाऱ्यांत बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांनाच फुप्फुसाचा कर्करोग अधिक झाल्याचे आढळले.

मला जी गोष्ट आग्रहाने सांगावयाची आहे ती निराळी आहे. तंतुकणिका ही वडिलोपार्जित शिल्लक नव्हे, की जपून खर्चली तर पुरेल. मागणी असेल तेवढीच ती पेशीत राहते. जॉन हॉलोझी यांनी १९६७ साली उंदरांना कित्येक आठवडे पळविले, तेव्हा त्यांच्या स्नायूंतील तंतुकणिकांची ऑक्सिजन वापरण्याची शक्ती सुमारे दुप्पट झालेली आढळली. उलट बाजूने, १९६६ साली अमेरिकेत डॅलस येथे पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर निजवून ठेवले, आणि तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता तीस वर्षांच्या वार्धक्याने जेवढी घटली होती, त्याहून अधिक त्या तीन आठवड्यांच्या निजण्याने घटली होती असे दिसून आले. त्यात हृदयाचा वाटा मोठा आहे, स्नायूंचाही आहे. आम्ही आजीला तीन आठवडे नव्हे, सहा वर्षे बसविले होते.

शेतावरून आल्यावर दोन दिवस तिचे गुडघे दुखले. डॉक्टरांनी छाती, रक्तदाब पाहून चालण्यास मोकळीक दिली, आणि तेव्हापासून सकाळी मारुतीच्या देवळापर्यंत जाणे-येणे, तुरीच्या राशीच्या दिवसांत खळ्यावर सूप घेऊन बसणे, नातवंडांबरोबर दोनदा जिना चढणे, असा तिचा क्रम आहे. आता तिला कोणी "बस" म्हणत नाही. यंदाच्या येळवशीला अजून महिना आहे. पण काल मी अंगणात गेलो तेव्हा ती चिंच लावून बिंदगी घाशीत होती.